बहात्तर टक्के बचत

फिटरबाई : सर, तक्रार गरम पाण्याच्या यंत्राची होती ना? मग मला भाजीच्या खोलीत कशाला आणलंत?

सर : ही भाजीची खोली नाही. ही गॅलरी आहे आणि हेच ते यंत्र. तो फ्लॉवर उचला, मागे तुमच्याच कंपनीची पाटी दिसेल. आई! अगं आई, ही गाजरं इथे कुणी ठेवली?

आई : मीच ठेवली. फ्रिजपेक्षा छान राहतात तिथे. पालक तर आठ-आठ दिवस मान टाकत नाही.

फिटरबाई : कधीपासून ठेवताय आजी?

आई : हे यंत्र आलं तेव्हापासून. तीन महिने झाले की. त्याआधी इथे एवढा गारवा कुठे होता!

सर : ते राहू दे. बाई, मी तुम्हाला फक्त आवाजासाठी बोलावलंय. पाच वाजता आमच्या इमारतीतली बारा कुटुंबं हे बघायला येणार आहेत. सगळ्यांनी जुने गीझर काढून हे बसवायचं की नाही, ते आज ठरणार. आणि नेमकं कालपासून हे घरघरायला लागलंय. आत्ता तीन वाजलेत. आवाज तेवढा बंद करा, बाकी यंत्र उत्तम आहे.

फिटरबाई : या काचा कुणी लावल्या?

सर : मी लावून घेतल्या. पंख्याचा आवाज यायचा. दुपारी माझं ऑनलाइन व्याख्यान असतं ना. ‘घरातली उष्णता आणि आपण.’ तेरा भाग झालेत.

फिटरबाई : आमचा माणूस यंत्र बसवून गेला तेव्हा काचा होत्या?

सर : नव्हत्या. पुढच्या आठवड्यात लावल्या.

फिटरबाई : तरीच. सर, हे यंत्र हवेतली ऊब ओढून पाण्यात घालतं आणि गार झालेली हवा बाहेर टाकतं.

सर : हे तुम्ही मला सांगताय? बत्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलंय मी!

फिटरबाई : मग तुम्हाला सांगायला सोपं. बाहेर टाकलेली गार हवा तुमच्या काचांच्या आतच कोंडलीय, आणि हे बिचारं परत तिच्यातूनच ऊब शोधतंय. ही बघा जाळी. बर्फ धरलाय. घरघरत नाहीये ते सर, कुडकुडतंय.

आई : अगंबाई! म्हणून तिथे गेलं की मला शाल लागते.

सर : आई, तू आत बस बरं. बाई, काच थोडी सरकवली की झालं ना?

फिटरबाई : थोडी नाही, सगळी काढायची. आत्तापुरत्या दोन्ही बाजूंनी उघडते. हां. आता हे पॅनल बघू. याला कुलूप का?

सर : कुणी उगीच बटणं दाबू नयेत म्हणून. सगळं माझ्या मोबाइलवर आहे. हे बघा. तापमान बेचाळीस. वेळ दुपारी बारा ते दोन. आज तुम्हाला आवाज ऐकू यावा म्हणून अजून चालू ठेवलंय.

फिटरबाई : बेचाळीस? आमच्या माणसानं पंचावन्नवर ठेवून दिलं होतं.

सर : त्याला काय कळतंय! माणसाचं अंग सदतीस अंशांचं. त्याला पंचावन्नचं पाणी कशाला? आणि दुपारी हवा सगळ्यात उबदार, तेव्हाच यंत्र चालवलं की कमी विजेत काम. साधा हिशेब आहे.

फिटरबाई : हिशेब बरोबर आहे. तुम्ही आंघोळ कधी करता?

सर : सव्वादोनला.

फिटरबाई : आणि बाकीचे?

सर : बाकीचे आपापल्या वेळी. सकाळी वगैरे. टाकीला चांगलं जाड आवरण आहे, पाणी गरम राहतं.

फिटरबाई : बेचाळीसचं पाणी सोळा तासांनी काय राहत असेल सर? आणि इतक्या कमी तापमानाचं पाणी टाकीत साठवून ठेवायचंच नसतं. त्यात जंतू होतात. तुमच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलंय.

सर : पुस्तिका घाबरट माणसांसाठी लिहितात. तुम्ही हा तक्ता बघा. हा आज मी सगळ्यांना दाखवणार आहे. जुन्या गीझरच्या तुलनेत बहात्तर टक्के बचत. बहात्तर!

फिटरबाई : आमची कंपनीसुद्धा इतकं सांगत नाही.

सर : कारण तुमच्या कंपनीकडे शिस्त नाही. आमच्या घरात आहे. बाथरूमच्या दारावर वेळापत्रक बघितलंत? आंघोळ सहा मिनिटं. केस धुवायचे असतील तर आठ. आईला ज्येष्ठ म्हणून नऊ.

फिटरबाई : घरात माणसं किती?

सर : चार. मी, आई, बायको आणि मुलगी. मुलगी कॉलेजात आहे.

फिटरबाई : यंत्र आत नोंद ठेवतं. थांबा, काढते. हे बघा, दिवसाला पंचावन्न लिटर पाणी वापरलं जातंय. म्हणजे एका माणसाची आंघोळ आणि वर दाढी. सर, तुमच्या घरातली बाकीची तीन माणसं आंघोळ करतात ना?

सर : काय बोलताय! अर्थात करतात.

फिटरबाई : कुठे?

आई : मी चहा ठेवते हं.

सर : आई, थांब. चहा नको. कुठे म्हणजे काय? घरात करतात. हो ना गं?

आई : मला काय विचारतोस! मी म्हातारी बाई.

सर : आई.

आई : अरे, सूनबाई जाते ना पोहायला.

सर : हो, रोज सकाळी जाते. व्यायाम म्हणून. त्याचं काय?

आई : तीन महिने झाले. तिला अजून पाण्यात तरंगता येत नाही. ती तलावात उतरतच नाही रे. तिथल्या शॉवरखाली उभी राहते आणि घरी येते.

सर : आणि मुलगी? ती तर संध्याकाळी अभ्यासाला मैत्रिणीकडे जाते.

आई : जाते. टॉवेल आणि साबणाची डबी घेऊन.

फिटरबाई : सर, मी जाळीवरचा बर्फ काढते. तुम्ही बोला.

सर : बोलायचंय काय! हे कुणी मला सांगितलं का नाही? तीन महिने मी रोज आकडे लिहितोय. रोज! रंगीत आलेख काढलेत मी. आणि हे सगळे चोरून बाहेर आंघोळी करतायत!

आई : चोरून काय त्यात! अंग धुतलंय, दरोडा नाही घातला कुणी.

सर : ठीक आहे. ठीक आहे. बाई, ऐका. आत्ता फक्त आवाज बंद करा. पाच वाजता बैठक होऊन जाऊ दे. तापमान वगैरे उद्या निवांत बदलू. यंत्र तर चांगलं आहेच ना? मग लोकांनी ते घ्यावं यात वाईट काय? आकडा जरा इकडे-तिकडे.

फिटरबाई : सर, मलाही बारा यंत्रं विकायची आहेत. खोटं कशाला बोलू, साहेब सकाळपासून दोनदा फोन करून विचारतायत. पण बहात्तर टक्के ऐकून बारा घरं यंत्र घेणार, मग तुमच्यासारखं बेचाळीसवर ठेवणार, आणि पाणी कोमट का म्हणून बारा घरांतून मला फोन येणार. नीट वापरलं तरी साठ टक्के वाचतात. साठ काय कमी आहेत?

सर : प्रश्न कमी-जास्तचा नाही. मी तेरा भागांत बहात्तर सांगितलंय.

फिटरबाई : आजी, तुमचं राहिलं. तुम्ही कुठे जाता आंघोळीला?

आई : मी कुठे जाणार या वयात. घरातच करते.

सर : बघा! आई करते. कुणीतरी नियम पाळतंय.

फिटरबाई : या पाण्यानं? सकाळी?

आई : सहा वाजता. अं... थोडं कढत पाणी घालते त्यात.

सर : कढत कुठून आलं?

आई : गॅसवर तापवते पातेलंभर. सगळे झोपलेले असतात.

सर : आणि स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत कोण नेतं?

आई : कोण नेणार. मीच.

फिटरबाई : आजी, घरात एकाच पायात मोजा का घातलाय?

आई : थंडी वाजते.

फिटरबाई : एकाच पायाला?

सर : आई, मोजा काढ.

आई : काही नाही रे. सुकलंय आता.

सर : काढ म्हणतो ना. इकडे बस. पाय वर घे... अगं आई. अगं हे केवढं भाजलंय. हे कधीचं?

आई : झाले दहा-बारा दिवस. दाराच्या उंबऱ्याशी हात हलला जरा. सूनबाईनं दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पाणी निम्मंच सांडलं म्हणून बरं.

सर : मला म्हणालीस, चप्पल चावली.

आई : मग काय सांगणार होते?

सर : जे झालं ते! आई, मी काय राक्षस आहे का? पाणी गार येतंय एवढं साधं वाक्य या घरात कुणाला बोलता येत नाही? तुझी जीभ काय कमी चालते? माझ्या लग्नात तू माझ्या सासऱ्यांना सुनावलं होतंस!

आई : ते वेगळं. त्यांचं काही दुखत नव्हतं.

सर : म्हणजे?

आई : आता बाहेरच्या माणसासमोर काय बोलायचं.

फिटरबाई : मी बाहेरची नाही आजी. मी गॅलरीतली. बोला.

आई : अरे, तू निवृत्त झालास आणि वर्षभर त्या खुर्चीत बसून होतास. दाढी नाही, बोलणं नाही. जेवायला हाक मारली तर ‘वाजले किती?’ विचारायचास, आणि परत भिंतीकडे बघत बसायचास. सूनबाई मला स्वयंपाकघरात येऊन रडायची. मग एक दिवस हे यंत्र आणलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट घातलास. तक्ते काय, आलेख काय, व्याख्यानं काय! जेवताना इतका बडबडायला लागलास की आम्हाला घास गिळायला फुरसत मिळेना. तेव्हा आम्ही तिघींनी ठरवलं, पाण्याचं कुणी काही बोलायचं नाही.

सर : तिघींनी.

आई : पोरीला आधी पटत नव्हतं. ती म्हणाली, बाबांना सांगू या. सूनबाई म्हणाली, थोडे दिवस जाऊ दे. मीही तेच म्हटलं.

सर : आणि व्याख्यानं? ती तरी कुणी ऐकतं का?

आई : मी ऐकते की. कळत नाही त्यातलं काही. पण तुझा आवाज पूर्वीसारखा येतो.

फिटरबाई : सर, बर्फ निघाला. आवाज थांबलाय. मी निघू का?

सर : थांबा. हा घ्या मोबाइल. तापमान पंचावन्न करा.

फिटरबाई : तुमच्या हातानंच करा. कुलूप तुमचं आहे.

सर : केलं. पंचावन्न. वेळेची मर्यादा काढली. आणि हे जलद तापवायचं बटण... हे मी कधी दाबलं नव्हतं. यानं वीज जास्त जाते.

फिटरबाई : जाऊ दे आज. काचा अशाच उघड्या राहिल्या तर तासाभरात टाकी तापेल. रोज हे बटण लागणार नाही. कुलूप काढायचंय?

सर : काढा. आई, पातेलं घेऊन परत बाथरूमकडे दिसलीस तर बघ.

आई : दम कुणाला देतोस?

सर : तुलाच देतोय. आणि ते दारावरचं वेळापत्रक... बाई, जाता जाता ओढून काढाल? मला तिकडे बघवत नाही.

फिटरबाई : चारी बाजूंनी पक्कं डकवलंय सर. प्लॅस्टिकही चढवलंय.

सर : टिकाऊ व्हावं म्हणून. द्या, मीच खरवडतो.

(तासाभरानंतर. पाच वाजत आलेत. बाथरूमचं दार बंद, आतून पाण्याचा आवाज.)

सर : आई, बरं आहे ना पाणी? पाय पाण्याबाहेर ठेवलायस?

आई : स्टुलावर ठेवलाय. किती वेळा विचारशील? अरे, आरसा सगळा वाफेनं भरलाय!

सर : फार कढत नाही ना?

आई : चांगलंय. खांद्यावर घेतलं की बरं वाटतं. किती मिनिटं झाली?

सर : मोजत नाहीये मी.

फिटरबाई : सर, खाली माणसं जमलीत. जिना चढतायत. त्यांना काय सांगणार?

सर : जे आहे ते. तुम्ही साठ म्हणालात ना?

फिटरबाई : साठ. नीट वापरलं तर. आणि काचा लावल्या नाहीत तर.

सर : ते दोन्ही मी सांगतो. काचा कुणी लावल्या होत्या, तेही सांगतो. बाकीचं यंत्राचं तुम्ही सांगा, पण इथेच थांबा. मला एकट्याला जमणार नाही.

फिटरबाई : थांबते. बेल वाजली.

आई : कोण आलंय रे? मी बाहेर येऊ का? लोकांना बघायचं असेल ना यंत्र?

सर : तू राहा आत. दार मी उघडतो... या, या. सगळे आत या. बसा. चपला असू द्या. यंत्र दाखवतो, सगळं सांगतो, पण जरा थांबावं लागेल. आई आंघोळ करतेय.