सरांनी मला फसवलं होतं

काकू, सरांचे विद्यार्थी, जव्हार-मोखाड्याहून आलेले शिक्षक, आणि मागे दाराशी उभी असलेली आमच्या वांगणी गावची मंडळी. आत या ना, खुर्च्या रिकाम्या आहेत.

मला नीट बोलता येईल की नाही, माहीत नाही. रडून माझं झालंय. आता मला भीती वाटते आहे.

भीती कशाची, ते सांगते. या शोकसभेत माझ्या आधी जे बोलले, ते सगळे एकच बोलले. वसंत सरांनी आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. पहिल्यांनी म्हटलं, दुसऱ्यांनी म्हटलं, प्राचार्यांनीही म्हटलं. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात. मी ओळीच्या टोकाला बसले होते, माझी पाळी जवळ येत होती. वाटत होतं, आपणही तेच म्हणावं आणि गप खाली बसावं. पण सरांनी मला दुखावलं होतं. सरांनी मला फसवलं होतं.

काकू, उठू नका. तुम्हाला हे ठाऊक आहे. बाकीच्यांना नाही, म्हणून सांगते.

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, वसतिगृहात राहायचे. सर मानसशास्त्र शिकवायचे. माझा तो विषयसुद्धा नव्हता. एक दिवस निरोप आला, सरांच्या वर्गात डोळ्यांची तपासणी आहे, ये. मला बरंच वाटलं. मला नर्सिंगला जायचं होतं. डोळे तपासून मिळतायत, तर नको कशाला म्हणायचं?

वर्गात मुलं-मुली ओळीने बसलेली. मला शेवटची खुर्ची दिली. सरांनी एक पुठ्ठा धरला. त्यावर एक रेघ, आणि बाजूला वेगळ्या तीन रेघा. पहिल्या रेघेएवढी यातली कोणती, ते एकेकाने मोठ्याने सांगायचं. मला मधली दिसत होती. स्वच्छ दिसत होती. पहिला म्हणाला, कडेची. त्याच्या शेजारची म्हणाली, कडेची. सगळे म्हणाले, कडेची. माझ्यापर्यंत आलं, आणि माझ्या तोंडून निघालं, कडेची.

ज्यांनी हा विषय घेतलाय, त्यांनी ओळखलं असेल. जुना प्रयोग आहे, पुस्तकात असतो. बाकीच्यांना आधीच पढवून ठेवायचं. मग बघायचं, शेवटचा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो की चार लोकांवर. प्रयोग झाला की त्या माणसाला खरं काय ते सांगायचं असतं. तेवढंच राहिलं. घंटा झाली, दुसरा वर्ग दाराशी आला. सरांनी ठरवलं, उद्या सांगू. मी त्याच दिवशी एसटी धरली आणि घरी गेले.

हसू नका. माझ्या जागी बसून बघा. इतक्या सगळ्यांना एक दिसतं आणि मला एकटीला दुसरं. हे सगळे ठरवून खोटं बोलतायत, असं माझ्या मनात तरी कसं यावं? मला वाटलं, माझे डोळे चालले. आणि डोळे नसतील तर डोकं चाललं.

घरी मी सुईत दोरा ओवायचं सोडलं. शेताच्या बांधावर बसून बघायची, हा बांध लांब का तो. आईला विचारायची. ती सांगायची ते आणि मला दिसायचं ते एकच असायचं, तरी पटायचं नाही. ओढा ओलांडताना पाय उचलायची आणि तशीच उभी राहायची. पुढचा दगड दिसतोय तिथेच आहे, कशावरून? आई आधी रागवली. मग तीही घाबरली. नर्सिंगचे प्रवेश तेवढ्यात होऊन गेले.

मी कॉलेजात परतले नाही, तेव्हा सरच आले. एसटी गावाच्या बरीच अलीकडे थांबली होती, तिथून चालत आले. अंगणात बसले. पाणी दिलं, ते हातातच धरून म्हणाले, "मंजुळा, मधलीच रेघ बरोबर होती. बाकीच्यांना मी खोटं बोलायला लावलं होतं."

आई भात पाखडत होती, ती बोलली. "मास्तर, तुमी पोरीला खोटा सांगला नि तिची झोप गेली. आता बोलता, खरा सांगतो. ती आता तुमचा खरा कसा मानील?"

सरांनी पाणी तसंच खाली ठेवलं. मग म्हणाले, "नाही मानणार, आई. त्याचीच मला भीती वाटते."

त्यांनी पिशवीतून तो पुठ्ठा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "माझं ऐकू नकोस. तू मोज." मी कुडाच्या भिंतीतली कारवीची काडी मोडली आणि रेघा मापल्या. मधली होती. मी पुन्हा मापल्या. मग मात्र मी रडले. आई पाखडायची थांबली होती.

त्यानंतर सरांनी तसा प्रयोग कधी केला नाही. मला त्यांनी एकदा विचारलं, "तुझी गोष्ट वर्गात सांगू का? मुलांना कळेल, आपण काय करून बसतो ते." मी नको म्हटलं. लाज वाटायची. पुढे कधी भेटले की विचारायचे, "अजून नकोच ना?" मी म्हणायची, नकोच. घरी काकूंना सोडून सरांनी ती गोष्ट कुणालाच सांगितली नाही. म्हणून तर तुम्ही सगळे आज म्हणू शकलात, की त्यांनी कुणाला दुखावलं नाही. आज मी आपणहून सांगते आहे.

आणि आजच का, तेही सांगते. मी आश्रमशाळेत शिकवते. आमच्याकडे शहरातून माणसं येणार आहेत, मुलांचा संयम मोजायला. मुलाला खोलीत एकटं बसवायचं, समोर पेढा ठेवायचा. आम्ही परत येईपर्यंत खाल्ला नाहीस, तर दोन देऊ म्हणायचं. सर आमच्या शाळेच्या समितीवर होते, मीही आहे. आजारात अंथरुणावरून मला म्हणाले, "वावर गावच्या पोराने पेढा लगेच खाल्ला, तर ते लिहितील, याला संयम नाही. अगं, नंतर देतो म्हणणाऱ्याने ज्याला कधी दिलंच नाही, त्याने लगेच खाल्लं तर काय चुकलं? आणि ते पोर घरी जाऊन कुढत बसलं, तर त्याच्या पाड्यावर कोण चालत जाणार, ते विचार त्यांना."

मी म्हटलं, सर, तुम्हीच विचारा.

सोमवारी समितीची बैठक आहे. सगळे हो म्हणतील, मला माहीत आहे. माणसं वाईट नाहीत. साहेब लोक येणार, शाळेचं नाव होणार, नाही कशाला म्हणायचं? एकेक जण हो म्हणत माझ्यापर्यंत येईल. सर नसतील. मला नाही म्हणायचं आहे, आणि मला फार भीती वाटते आहे. नोकरीची वाटते. त्याहून जास्त माझ्या तोंडाची वाटते. ऐन वेळी त्यातून काय निघेल, कुणी सांगावं? म्हणून आज तुमच्यासमोर बोलून ठेवते. सोमवारी मला मागे फिरता येऊ नये.

सर, तुम्ही मला फसवलंत, आणि खरं सांगायला तुम्हीच चालत आलात. दोन्ही खरं आहे. माझा नमस्कार घ्या.

आता आपल्याला सरांसाठी शांत उभं राहायचं आहे. माझी एकच विनंती आहे. शेजारचा उठला म्हणून उठू नका. ज्याला मनापासून वाटेल, त्यानेच उठा. बसून राहिलात तरी कुणी मागे वळून बघणार नाही.

मी उभी आहे.