कोशाचे दांडे

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या पंचकमिटीचे प्रमुख माननीय गोटीरामभाऊ, आदरणीय पाळकसाहेब, देवळाली कॅम्पहून वाट वाकडी करून आलेले पाहुणे, मंडळीतले बंधुभगिनी आणि मागे सतरंजीवर बसलेल्या माझ्या बोर्डिंगच्या मुलींनो, प्रभूच्या नावाने सर्वांना सलाम.

शाल दिलीत, हार घातलात. आणि आत्ताच अध्यक्षांनी जाहीर केलं की सिंधुबाईंना बोर्डिंगमागची खोली तहहयात दिली, बाई आता कायमच्या आपल्या. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी हात जोडले. दुसरं काय करणार? गळ्यात एवढा जड हार असताना नाही म्हणून मानही हलवता येत नाही.

मागच्या नाताळात मी भाऊंना सांगितलं, मला विंचूरला माझ्या अक्काकडे जाऊन राहायचंय. मला भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. ईस्टरला पुन्हा विषय काढला, तर वेताची खुर्ची आली. आज निरोप घ्यायला उभी राहणार होते, तर खोलीच मिळाली. भाऊ, राग मानू नका. तुमची माया खोटी असती तर मी केव्हाच भांडून गेले असते. ती खरी आहे, म्हणूनच माझा जीव इथे कोंडतो.

असो. पाळकसाहेबांनी निवासमंडपातल्या वस्तूंवर दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. निवासमंडप म्हणजे इस्राएल लोक रानातून फिरत होते तेव्हा देवासाठी उभारायचे तो तंबू. त्यातल्या वस्तूंची प्रतिकृती आम्ही आणीबाणीच्या साली केली. बाभळीचं लाकूड, वर सोनेरी बेगड, आणि सुतारकाम भिकनदादांचं. दाराशी हातपाय धुवायचं गंगाळ. ते सेवा करणाऱ्या बायकांच्या पितळी आरशांचं केलेलं होतं. तोंड पाहायची वस्तू त्यांनी दुसऱ्यांना स्वच्छ होण्यासाठी दिली. मुलींना हे सांगताना मला नेहमी अभिमान वाटायचा. आत सात दिव्यांचा दीपवृक्ष, कारण त्या जागेला खिडकी नव्हती. खिडकी नसलेल्या जागेत कुणीतरी सारखं तेल घालावं लागतं. ते तेल घालणं म्हणजे काय, हे बोर्डिंगच्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि सगळ्यात आत कराराचा कोश. देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी. तिला सोन्याच्या कड्या, कड्यांत उचलायचे दांडे. आज्ञा अशी होती की हे दांडे कधीच काढायचे नाहीत. मुक्काम कितीही लांबला तरी नाहीत. का बरं? देवाला काय घाई होती? मी मुलींना सांगायचे, ज्या देवाला आपण आपला म्हणतो, तोसुद्धा आपल्याकडे कायमचा ठेवून घेता येत नाही.

मग भाऊंनी वडिलांच्या स्मरणार्थ काचेचं कपाट दिलं. फार सुंदर कपाट. पण कोशाचे दांडे बाहेर यायचे, दार लागेना. मी बाजारातून आले तर भिकनदादा करवत घेऊन उभे. मला म्हणाले, "बाई, भाऊ म्हनले काप, म्या कापले. लय जीवावर आलं." आणि भाऊ दार लावून म्हणाले, "आता कसं नीट बसलं." भाऊ हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय.

मघाशी मी या खुर्चीत बसले तेव्हाही भाऊ हेच शब्द म्हणाले. मला एकदम भीती वाटली. बोर्डिंगच्या फाटकाची किल्ली माझ्या कमरेला असते. लोकांना वाटतं, जिच्याकडे किल्ली ती मोकळी. पण रोज फाटकाला कुलूप लावून मी आतच राहते ना?

माझ्या विठाबाईअक्काच्या डोळ्यांत पडदा उतरतोय. डॉक्टरांनी हात टेकले. कांद्याच्या दिवसांत गेले होते, तर माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "सिंधे, समदं जायच्या आधी ये गं. एकदा तुजं तोंड नीट बघून घेते, मंग तुज्या आवाजावर चालवीन." मी नाताळनंतर येते म्हणाले होते. परवा वाळूला तिने ओळखलं नाही. वाळू तिचा पोटचा मुलगा. मला आणखी उशीर करायचा नाही.

म्हणून भाऊ, सर्वांसमक्ष सांगते. खोली मला नको. ती माझ्या जागी येणाऱ्या नव्या बाईंना द्या, खोलीला वाऱ्याला खिडकी आहे. शाल मात्र नेते, अक्काला पांघरायला होईल. किल्ली इथे टेबलावर ठेवली आहे. ट्रंक टांग्यात चढवून झाली आहे आणि विंचूरची गाडी कुणासाठी थांबत नाही.

तुम्ही मला जेवढं दिलंत तेवढं दोन जन्म पुरेल, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, वडीलधाऱ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. एकच काम उरलं. भिकनदादांनी कोशासाठी नवे दांडे करून दिलेत. ते जाता जाता घालून जाते. मुलींनो, कपाटाचं दार मग लागणार नाही. ते तसंच उघडं राहू द्या.