इखासाठी लावलेलो कौल

माजो जल्म मसुऱ्याच्या बाजूच्या एका वाडीतलो, वाडीचा नाव लिवा नको, मी गुरव, माजो बापूस गुरव, त्येचो बापूस गुरव, देवाची पूजा करूची, दिवो लावचो, आणि लोकांसाठी कौल लावचो, ह्या आमचा पिढ्यानपिढ्यांचा काम. कौल म्हणजे काय ता तुमका म्हायत नसात तर सांगतंय. देवाच्या पाषाणाक फुलाच्यो पाकळ्यो ओल्यो करून चिकटवच्यो, थोड्यो उजवीकडे, थोड्यो डावीकडे, आणि इचारूचा, बाबा, ह्या काम करू काय नको. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. घर बांदूक, चेडवाचा, म्हणजे मुलीचा, लगीन ठरवक, गाय इकूक, सगळ्याक लोक कौल घेतत. आणि एकदा रवळनाथान, आमच्या ग्रामदेवान, कौल दिल्यान काय मगे कोण फिरणा नाय.

मी तेवा तिशीत होतंय. आमच्याकडे चिरेखाणीत, जांब्याच्या भोकांनी, एक मोठो कोळी रवता. घरात जाळी इणता तो न्हय, ह्यो तळहाताएवडो, काळो, अंगभर केस, बघून काटो येता. चावलो तर माणूस दोन दिस कण्हता, पण मेलेलो कोणी बघूक नाय. तर त्या कोळ्यांसाठी मुंबैसून एक डाक्टर इलो, जीप घेवन, गोरोगोमटो, बोलूक गोड. शाळेच्या पडवेत त्येना काचेच्यो बरण्यो मांडल्यान, झाकणाक भोका, आणि एकेका बरणीत एकेक कोळी. पांडू म्हणान माजो लहानपणाचो सोबती, खाणीत चिरे काडी, तोच त्येका कोळी धरून देय. मी एकदा बघूक गेलंय, डाक्टर कोळ्याक चिमट्यात धरून त्येचा इख, म्हणजे वीष, काडत होतो, माका थंयच वांती झाली. तेवा वाटला, जगात ह्याच्यापेक्षा ओंगाळ काय नसतला. काय सांगू तुमका, त्या कोळ्याचो काय दोष, तो आपल्या भोकात होतो.

मगे डाक्टरान गावकाराक, म्हणजे आमच्या गावच्या मुख्य मानकऱ्याक, बोलावन सांगल्यान, ह्या विषावर औषध काढायचं आहे, पण आधी माणसाच्या अंगात ते काय करतं ते बघायला हवं, थोडंसंच टोचणार, एखादा धडधाकट माणूस द्या, जबरदस्ती नाही हं, आपखुशीने यायला हवा. आपखुशीने, आपखुशीने, असा दोन-तीनदा म्हटल्यान. खोटा कित्याक बोलू, त्येना आपल्या हातातय एकदा टोचून घेतल्यान होता, खूण दाखवल्यान. पण त्येका दुकाक लागला तेवा त्येनाच बस म्हटल्यान आणि बस झाला. आमच्यातलो कोण बस म्हणालो असतो तर कोणी आयकला असता?

आपखुशीन कोण येतलो, कोणच इलो नाय. मगे गावकार म्हणालो, देवाक इचारूया. डाक्टराक ता सांगला तर तो हसलो, वा, हे तर उत्तमच झालं. त्येका कळूक नाय असा म्हणा नको. मी त्येका नीट समजावन सांगलंय, काय सायब, देवान होय म्हटल्यान तर मगे त्या माणसाक नाय म्हणूक तोंड रवणा नाय. तो म्हणालो, तो तुमचा आपसातला प्रश्न आहे.

आता माजा सांगतंय. माजी बायल तेवा पोटुशी होती. आदीची दोन मुला जल्मताच गेली होती, गावात सुईण तेवडी, डाक्टर बघूचो तर मालवणाक. आणि ह्या डाक्टरान बोलता बोलता म्हटल्यान होता, काम झालं तर इथे दवाखान्याचं बघता येईल. देतंय म्हणूक नाय हां. बघता येईल. तेवड्यार मी जीव टाकलंय.

गाऱ्हाणा घातलंय, बाबा, डाक्टराक गावातलो माणूस देवचो काय नको, सगळे व्हय म्हाराजा म्हणाले, पांडूय म्हणालो. पाकळी पडली ती डावी. गावकार म्हणालो, इचारताना चूक झाली, परत इचार. परत डावी. तिसऱ्या खेपेक मी काय केलंय, डाव्यो पाकळ्यो चिंब भिजवन घट्ट दाबलंय आणि उजवी एक नुसती टेकवलंय, अर्धी सुकी. गुरवाच्या पोराक ता पाचव्या वर्साक कळता, करणा मात्र कोण नाय. पडली ती उजवी. लोकांनी हात जोडल्यानी, आणि गावकारान पांडूचा नाव काडल्यान, पांडू त्येचाच कूळ, तो काय बोलतलो.

दुसऱ्या दिसा सकाळी पांडू देवळात इलो. म्हणालो, माका नको वाटता रे, हात गेलो तर खाणीत काय करू, पण देवान सांगल्यान आसा तर मी जातंय, तू फक्त माका सांग, कौल खरो लागलो मा? मी समई पुसत होतंय. वर बघलंय नाय. खरो, म्हटलंय. तो गेलो.

टोचल्यार तासाभरात पांडूचो डावो हात टम्म फुगलो, बोटा आपोआप वळूक लागली, अंग घामान भिजला. डाक्टर बाजूक खुर्चेर बसान घड्याळ बघी आणि लिवी. इचारी, कसं दुखतंय, सुईसारखं की आगीसारखं? पांडू म्हणी, दुकता. अरे नीट सांग. दुकता ओ सायब. पांडूची बायल गोदू पडवेच्या भायर उबी रवान रडी, काय तरी औषध देवा ओ त्येका. दुक कमी करूचा औषध होता, पेटयेत होता, मी बघलंय होतंय. डाक्टर म्हणालो, आता दिलं तर नोंद बिघडेल. पांडूक वांती झाली ती त्येना टोपात धरूक लावल्यान, किती झाली ती मोजूक, आणि थंयच बसान चाय पिल्यान, बिस्कीट चायेत बुडवन खाल्ल्यान. माका जी शिसारी इली ती आजून जाणा नाय. आणि तो टोप धरून कोण उबो होतो? मीच.

दुसऱ्या दिसा दुपारी डाक्टरान बरण्यो जीपीत घातल्यान आणि तो गेलो. जाताना एका कागदार पांडूचो आंगठो घेतल्यान, आदी न्हय हां, सगळा झाल्यार. वाचूक येय ता माकाच, म्हणान माकाच वाचून दाखवूक लावल्यान. सदर इसम स्वेच्छेने तयार झाला. मी वाचलंय, पांडून आंगठो उठवल्यान. असल्या अक्षरांर थुकूक होया होता, मी मान हलवलंय.

चौथ्या दिसा टोचल्ल्या जाग्यार पू धरलो, हात खांद्यासून सुजलो. बैलगाडीतसून कट्टा गावाक, थंयसून एष्टीन मालवणाक. हात वाचलो, बोटा वाचली नाय, वळलेली ती वळलेलीच. एका हातान टिकाव कोण मारता? खाण सुटली, मगे पांडू लोकांची गुरा राखी. सहा म्हयन्यांनी माज्या नावान डाक्टराचा कार्ड इला. म्हटला, दवाखान्याचा असतला. लिवला होता, बोटांची हालचाल आता कितपत आहे ते कळवावे. बाकी काय नाय, पांडू कसो आसा ता पण नाय. मी ता कार्ड चुलीत घातलंय. माजी बायल त्याच सुईणीच्या हातान बाळात झाली, चेडू जगला, दवाखानो आजून येवचो आसा.

पांडून कधी कोणाक दोष दिल्यान नाय. लोकांक सांगी, देवान माका निवडल्यान, माज्या हातापायी औषध झाला असतला, खंयतरी कोणाची पोरा वाचत असतीत. माज्या देखत सांगी, आणि मी आपलो वाती वळत बसंय. औषध झाला काय नाय, आमका कोणी कळवक नाय.

दोन वर्सामागे पांडू तापान गेलो. बारावो झालो आणि मी गोदूकडे जावन सगळा सांगलंय, पाकळ्यांचा, समई पुसत खोटा बोललंय त्येचा. ती तांदूळ निवडत आयकत होती. मगे म्हणाली, भावजी, तो जितो होतो तेवा सांगलात नाय, तेवा तुमका भय होता. आता माज्या पदरात टाकून मोकळे होवक इलात. देवासाठी हात दिलंय म्हणान तो मानान जगलो, आता काय म्हणू, तुमच्यासाठी दिल्यान? उठा. आणि गावात कोणाक सांगलात तर बघा.

बरोबर बोलली ती. म्हणान नावा बदलून लिवा, तिचा, पांडूचा. माजा आसा तसा रवांदे.

कौल आता पुतण्यो लावता, मी पूजा तेवडी करतंय. गोदू दर सोमवारी अबोलीचो हार घेवन येता, पांडूच्या नावान. माज्या हातात देता. मी देवाक घालतंय, ती हात जोडता, आणि माका माजीच किळस येता, काय सांगू तुमका, त्या केसाळ कोळ्याची येय नाय तेवडी. पण हार घेवक नाय म्हणूचा तरी कसा, तिच्याकडे तेवडाच उरला आसा.

उशीर झालो तुमका, कट्ट्याची एष्टी चुकात. जाताना हंय पावण्याक म्हणतत, रवळनाथ तुमचा बरा करूंदे. देवाच्या नावान मी आता कोणाक काय सांगणंय नाय. माज्या नावान सांगतंय, बरे जावा, बरे रवा.