दोन्ही बाह्या डाव्या

(सोलापूरचं सरकारी रुग्णालय. अपंगत्व तपासणीच्या खोलीबाहेरचा बाक. चांगुणा, तिचा नवरा हरिदास आणि रुग्णालयातली समाजसेविका विजयमाला.)

विजयमाला : बसा चांगुणाबाई, घाई नाही. अजून पाच जण आहेत तुमच्या आधी. तोवर मला एवढंच सांगा, मागच्या तपासणीला डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "कसं काय, बरं आहे का?" तेव्हा हे काय म्हणाले?

चांगुणा : बरं हाय म्हणले की.

विजयमाला : आणि तेच लिहिलं गेलं. हे बघा, "विशेष तक्रार नाही." म्हणून अपंगत्व तीस टक्के आलं. चाळीसच्या आत पेन्शन नाही, काही नाही.

चांगुणा : पर मॅडम, कुणी बरं हाय का इचारलं तर माणूस दुसरं काय म्हणंल? मयतावरनं आलेलं माणूस बी बरं हाय म्हणतंय.

विजयमाला : ते वाटेत भेटलेल्याला म्हणावं. डॉक्टरांना नाही.

हरिदास : बरंच हाय की मॅडम.

विजयमाला : झालं, पुन्हा तेच. हरिदासभाऊ, आज वार कुठला?

हरिदास : मंगळवार. सतरा तारीख. आपण हितं सोलापुरात हाय. शंभरातनं सात गेलं, त्र्याण्णव. त्र्याण्णवातनं सात गेलं, शहाऐंशी.

विजयमाला : मी फक्त वार विचारला. आणि आज गुरुवार आहे.

चांगुणा : ते मागल्या बारीचं हाय मॅडम. तवा मंगळवार हुता.

विजयमाला : म्हणजे तुम्ही पाठ करून घेतलं होतं?

चांगुणा : चार दिस, सकाळ-संध्याकाळ. शेजारच्या बसव्वाच्या भावाला तपासणीत काय काय इचारलं हुतं, ते तिच्याकडनं समजून घेतलं. परीक्षा म्हणल्यावर मला वाटलं, माणूस नापास झालं तर कागद कोण देणार?

विजयमाला : अहो, तुम्ही त्यांना पास केलंत, म्हणून तर कागद गेला.

चांगुणा : म्हंजी माझ्याच हातानं घालवलं म्हणा की.

विजयमाला : तुमच्याच हातानं हा माणूस उभा राहिलाय. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडला, डोक्याला मार, वीस दिवस शुद्ध नाही. आज नीट भांग पाडून बाकावर बसलाय. डॉक्टरांना तुमची मेहनत दिसली, ह्यांचं दुखणं दिसलं नाही. आज पाठ केलेलं काही नको. घरी काय काय होतं, तेवढं खरं सांगा.

चांगुणा : काय न्हाय हुत.

विजयमाला : चांगुणाबाई.

चांगुणा : ह्यांच्या म्होरं सांगू? शेजारी बसलेल्या नवऱ्याचं उणं चार माणसांत काढू?

हरिदास : सांग की. मला कुटं आठवतंय. तुलाच म्हाईत.

चांगुणा : गॅस चालू ठिवून भाईर जात्यात. कात्रीला कात्री म्हणायचं सुदरत न्हाय, ते दोन बोटांचं म्हणत्यात. मंद्रूपच्या गाडीत बसवलं, तर हे अक्कलकोटात सापडले. तितल्या ईरप्पा कंडक्टरनं वळखलं, म्हणून घरी आले. एकटं सोडता येत न्हाय, म्हणून माझं काम सुटलं.

विजयमाला : आणखी?

चांगुणा : आणखी ते बाह्यांचं.

हरिदास : कसल्या बाह्या?

चांगुणा : मॅडम, हे युनिफॉर्मच्या कारखान्यात बारा वर्सं कटर हुते. कापडाचे साठ-साठ थर एका दमात कापायचे, दोऱ्याचा फरक न्हाय. गेल्या जूनमधी आमची बुद्धप्रिया म्हणली, आप्पा, माझा शाळेचा ड्रेस तुमीच कापा. लई खुशीत कापला. मी शिवायला बसले, तर दोनी बाह्या डाव्या.

हरिदास : दोनी डाव्या?

चांगुणा : व्हय. कापड तेवढंच हुतं. तसंच शिवलं.

हरिदास : मला कोण बोललं न्हाय.

चांगुणा : पोरगी म्हणली, आप्पाला सांगू नको. खांद्यात ओढ बसायची तिला. वरनं स्वेटर घालून गेली रोज.

हरिदास : सर्दी झालती न्हवं तिला? तूच म्हणलीस.

चांगुणा : सोलापुरात जूनमधी महिनाभर सर्दी?

हरिदास : घामानं भिजून यायची. मी म्हणायचो, काढ की ते, ते लोकरीचं. तर म्हणायची, आप्पा, ड्रेस मस्त बसलाय. लई गुणाची पोर हाय मॅडम. लई गुणाची.

विजयमाला : हेच आत सांगायचं, भाऊ.

हरिदास : मीच सांगतो. पर आत जाईस्तवर जाईल डोक्यातनं. चांगुणा, लिव हातावर. "बाह्या", एवढंच लिव.

(अडीच-तीन तासांनी, त्याच बाकावर.)

विजयमाला : काय झालं आत?

चांगुणा : डॉक्टरांनी इचारलं, कसं काय. ह्यांनी हात वाचला. म्हणले, साहेब, पोरीच्या दोनी बाह्या डाव्या कापल्या आन् मला कळलं न्हाय. डॉक्टरांनी पेन खाली ठिवलं. मंग पाऊण तास बसवून घेतलं. चित्रं दावली, गोष्ट सांगून परत इचारली. मी बी काय झाकलं न्हाय. साठ टक्के म्हणले.

विजयमाला : झालं तर. कार्ड घरी येईल. ते आलं की पेन्शनचा अर्ज मी भरून देते.

चांगुणा : तुमचे उपकार कसे फेडू मॅडम.

विजयमाला : उपकार कसले? माझं कामच आहे ते.

चांगुणा : काम समदेच करत्यात. दोन वर्सांत घरी काय हुतं म्हणून मला कुणी इचारलं नव्हतं. तुमी इचारलंत.

हरिदास : प्रियाला म्हणावं, ते लोकरीचं ठिवून दे आता. नवा ड्रेस घेऊ. कापायला दुसऱ्याकडं देऊ. बटनं मी लावतो. बटनाला डावं-उजवं नसतंय.

चांगुणा : लावा की. तिला बी आवडंल.

विजयमाला : आता कसं वाटतंय, हरिदासभाऊ?

हरिदास : चांगुणा, म्हणू का?

चांगुणा : म्हणा की. हितं कोण लिवून घेत न्हाय.