पंचवीस टिबेट्स

— काडतुसाला नाव माझंच राहणार, मार्लिस! पंचवीस टिबेट्स. उद्या कारखान्याचा माणूस येतोय, पितळी बुडावरचा ठसा ठरवायला, आणि आज तू येऊन म्हणतेस, टिबेट्सच्या शेजारी रास्कूही घाला? का गं? तुझ्या बापाने आकार काढला म्हणून? बरं, काढला! तीस कॅलिबरच्या लांब काडतुसाची मान आवळून त्यात पंचवीस कॅलिबरची बारीक गोळी बसवली, डोकं त्याचंच — मी कुठे नाही म्हणतोय? पण आपल्या आयडाहोतला रिवाज तुला ठाऊक आहे ना? रायफलीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, कोरायचं हत्यार जो आधी करवून घेईल, नाव त्याचं. मी घेतलं करवून. तुझा बाप एमेट बसला होता काडतुसाचा खांदा घासत, मला म्हणे — अजून थोडा उतार हवा, ऑर्विल, अजून थोडा! बस मग घासत.

रडू नकोस, काउंटर आत्ताच पुसलाय. आणि आंधळ्याला नाव हवंय कशाला? काय? बोटाने चाचपून कळेल म्हणतेस? मग चाचप म्हणावं — टिबेट्स लागेल हाताला!

माझ्यावर कसली डाफरतेस? डोळे त्याने स्वतःच्या वेंधळेपणाने घालवले. रायफलीच्या काडतुसात पिस्तुलाची भसकन पेटणारी दारू भरली, मग बोल्ट तोंडावर फुटणार नाही तर काय! हो, हो, टेबलावर एकच डबा होता, माहितीये. भरताना एकच डबा ठेवायचा, दुसरा डबा टेबलावर आणायचाच नाही — हा तर त्याचा धर्म! म्हणून काय डब्यावरचं वाचायचंच नाही? कॉफी आणायला उठला, परत आला, टेबलावर एकच डबा, म्हणजे आपलाच — की बसला भरायला शीळ घालत! मान वाकडी करून बघितलंसुद्धा नाही गाढवाने —

काय?

कॉफीचं? सांगितलं असेल कुणीतरी. त्याला नाही आठवत? मग शेरीफने सांगितलं असेल. त्या दिवशी मी नव्हतोच इथे, शेरीफला तसं सांगितलंयच ना मी — नदीवर होतो दिवसभर. शीळ काय, एमेट नेहमीच घालतो. घालायचा. अशी टक लावून बघू नकोस माझ्याकडे.

जा, दुकान बंद झालं. अगं, दार इकडे आहे — तिकडे कुठे चाललीस? फोनला हात लावू नकोस. मार्लिस. हे बघ, घालू त्याचंही नाव, टिबेट्स-रास्कू, चालेल? बरं, रास्कू-टिबेट्स. नुसतं रास्कू! नुसतं रास्कू घाल, पोरी, माझं नकोच — फोन खाली ठेव.