हिवाळे सरांनी शाल घेतली

जरा पुढे सरका, मंडळी. मागे खांबाला टेकून बसणाऱ्यांना झोप लवकर लागते आणि दोष माझ्या आवाजाला येतो.

पूर्वरंगात आपण सत्याविषयी बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. सत्यावर मान डोलवायला कष्ट पडत नाहीत, म्हणून आता प्रश्न जरा अडचणीचा घेतो. समोर खोटं चाललंय. ते आपण केलेलं नाही. आपल्याला कुणी काही विचारलेलंही नाही. आपल्याला फक्त कळलंय — आणि आपण गप्प बसलो. तर त्या खोट्यात आपला वाटा किती?

लगेच उत्तर देऊ नका. आधी ऐका.

आख्यान पुराणातलं नाही, जालन्यातलं आहे. तिथं जुन्या चर्चच्या मागच्या गल्लीत शांतवन हिवाळे नावाचे एक शिक्षक राहायचे. — हं, नाव ऐकून तिकडे दोन भुवया वर गेल्या. उतरवा खाली. माणूस देवाच्या दारातच वाढलेला, दार तेवढं वेगळं. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, बाकीचे दिवस घरी मुलांना पियानो शिकवायचे.

पियानो म्हणजे काय? आमच्या गोविंदकाकांच्या या पेटीत भाता असतो. हवा भरली, पट्टी दाबली, सूर लागला. पियानोत हवा नाही. पट्टी दाबली की आत एक लहानसा हातोडा उठतो, तारेवर आपटतो आणि मागे येतो. बोट जोरात पडलं तर सूर मोठा, हलकं पडलं तर बारीक. आणि हातोडा एकदा तारेवर पडला की पडला, तो सूर माघारी घेता येत नाही. काका, तुमचं बरं आहे, भाता जरा सैल सोडला की चूक झाकते. — बघा, हसले. म्हणजे झाकतात.

तर हिवाळे सरांच्या शिकवणीत एक नियम होता. वाजवताना चूक झाली की मुलानं मोठ्यानं म्हणायचं, "चुकलं." आणि तसंच पुढे वाजवायचं. रडायचं नाही, जीभ चावायची नाही, पहिल्यापासून सुरू करायचं नाही. गल्लीतून जाणाऱ्याला ऐकू यायचं — सूर, सूर, सूर, "चुकलं", सूर, सूर, "चुकलं". शेजारच्या बाई सरांच्या बायकोला म्हणायच्या, "मार्थाबाई, तुमच्याकडं पोरांना संगीत शिकवतात का गुन्हे कबूल करून घेतात?"

सर म्हणायचे, "चूक लपवायची सवय लागली की आधी कान मरतो. बोटं नंतर."

या सरांकडे केतकी यायची. दहा वर्षांची. वडील दिलीपराव घुगे, बियाण्यांचे मोठे विक्रेते आणि चैतन्यनगर सोसायटीचे अध्यक्ष. पोरीला पियानोला का घातलं? तर शेजाऱ्यांचा मुलगा तबल्याला जात होता. दुसरं कारण नाही. पण पोरीला ते मनापासून आवडलं. घरी वडिलांनी बॅटरीवर चालणारा मोठा कीबोर्ड आणून दिला होता, त्याच्यावर सराव करत बसायची. सरांकडे आली की "चुकलं" असं खणखणीत म्हणायची, जणू हजेरी देतेय.

एकदा सर स्वतः वाजवून दाखवत होते. डाव्या हाताचं एक बोट शेजारच्या पट्टीवर पडलं. सर पुढे गेले. मागून आवाज आला, "सर, म्हणा."

सर थांबले. हसू दाबून म्हणाले, "चुकलं."

"हां. आता वाजवा पुढे."

त्या दिवशी सरांनी मार्थाबाईंना सांगितलं, "या मुलीला कान आहे." फार वर्षांनी त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालं होतं.

पुढे काय झालं? सोसायटीचा वर्धापनदिन आला. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, पण वर्धापनदिन दणक्यात. स्टेज, कमान, आमदारांचे पीए. दिलीपराव सरांच्या घरी आले.

"सर, केतकीला स्टेजवर घ्यायचंय. काहीतरी भारी बसवा."

"अजून तयार नाही ती. एक छोटी गत बसवतोय. डावा हात अडखळतो मध्ये."

"मग उजव्यानं वाजवू द्या की."

"तसं नसतं, दिलीपराव. दिवाळीनंतर बघू. घाई केली तर मोडेल."

दिलीपराव हसले. "कोण ऐकायलंय सर एवढं बारीक?"

दिलीपराव उठले, घरी गेले आणि कीबोर्डची बटणं चाचपत बसले. त्यात एक बटण सापडलं — डेमो. दुकानात गिऱ्हाइकाला भुलवायला कंपनीनं आत एक आख्खं वादन भरून ठेवलेलं असतं. बटण दाबा आणि बाजूला व्हा. पट्ट्यांना हात लावायची गरज नाही. आमच्या काकांच्या पेटीला असलं बटण असतं तर काका आत्ता घरी असते.

दिलीपरावांनी ते लावलं. सुरांचा धबधबा. मग पोरीला बोलावलं. "बस इथं. हात फिरव नुसते."

केतकी म्हणाली, "पप्पा, सरांना कळेल."

"कळू दे. सर काय स्टेजवर येऊन बोलणारेत?"

"बोलतील," केतकी म्हणाली. "सर बोलतातच."

हे वाक्य लक्षात ठेवा, मंडळी. पोर वडिलांना नाही म्हणू शकली नाही. दहाव्या वर्षी कोण म्हणतं? पण तिचा एक हिशेब पक्का होता. मी अडकले तर एक माणूस मला सोडवील. तेवढ्या भरवशावर ती स्टेजवर चढली.

सर तिसऱ्या रांगेत बसले होते, मार्थाबाई शेजारी. निवेदकानं नाव पुकारलं. केतकी नवीन फ्रॉक घालून आली, कीबोर्डपुढे बसली. दिलीपराव आवाज नीट करायच्या निमित्तानं वाकले आणि बटण दाबून उतरले.

पहिल्या चार सुरांत सरांना कळलं. कळायला काय लागतं? मुलीचा डावा हात मधल्या पट्ट्यांवर आणि आवाज येतोय पार खालच्या, खर्जातल्या पट्ट्यांचा. दोन हातांची दहा बोटं, आणि सूर पडतायत तीन माणसांचे. सर खुर्चीत पुढे सरकले.

मग एक गंमत झाली. पोरीच्या डोळ्यावर बट आली. सवयीनं तिनं उजवा हात उचलला आणि बट कानामागे सारली.

गाणं थांबलंच नाही. उजव्या हाताची सगळी करामत चालू, आणि उजवा हात कानापाशी.

हसलात तुम्ही. त्या दिवशीही दोघं-तिघं हसले होते. सगळ्यांनी पाहिलं ते. ज्यांनी मोबाइलवर घेतलं त्यांच्याकडे अजून असेल. पण धबधबा संपला आणि आख्खी सोसायटी उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात. हसलेले दोघं-तिघंही त्यात होते. अध्यक्षांची मुलगी आहे, वाईट कशाला व्हा?

केतकी उभी राहिली. तिनं गर्दीकडे पाहिलं नाही. तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

निवेदक ओरडला, "या कलाकाराला घडवणारे गुरू, आदरणीय हिवाळे सर. सर, स्टेजवर या."

आता या माणसाच्या आत जरा डोकावू. इतकी वर्षं गावात काढली, त्याला कुणी कुठल्या स्टेजवर बोलावलं नव्हतं. चर्चमधला ऑर्गन भिंतीला लावून ठेवलेला, वाजवणाऱ्याचं तोंड भिंतीकडे. गावातल्या कितीतरी लग्नांच्या फोटोंत कोपऱ्यात सर आहेत. सगळ्यांत त्यांची पाठ आहे. तोंड एकाही फोटोत नाही.

खुर्चीतून उठताना त्यांचं ठरलं होतं. मार्थाबाईंच्या कानात म्हणालेही, "सांगून टाकतो." शब्दसुद्धा जुळवले होते. हे यंत्रानं वाजवलं, मुलीचा दोष नाही, ती आपली गत अजून शिकतेय, दिवाळीनंतर ऐका. सौम्य होतं. कुणाचा अपमान नव्हता त्यात. पायऱ्या चढेपर्यंत ते शब्द तोंडात होते.

वर गेले आणि वळले. समोर माणसांची तोंडं. सगळी त्यांच्याकडे बघणारी. आमदारांच्या पीएंनी खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. कॅमेऱ्याचा उजेड पडला. या वेळी तोंडावर पडला.

"सर, दोन शब्द."

माइक समोर आला. सरांनी घसा साफ केला. शेजारी उभ्या केतकीनं वर मान केली आणि अगदी हळू, त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "सर, म्हणा."

सरांनी ऐकलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि माइकमध्ये म्हणाले, "केतकी गुणी मुलगी आहे. फार मेहनत घेतलीय तिनं."

टाळ्या.

यातला एकही शब्द खोटा नाही, मंडळी. तपासून बघा. मुलगी गुणी होती, मेहनतही घेतली होती. शिकलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा असंच बोलतो. खरीच वाक्यं उचलतो आणि चुकीच्या जागी ठेवतो.

घरी दाराशी आल्यावर मार्थाबाई कुलूप काढता काढता म्हणाल्या, "शाल चांगली आहे." आणि आत गेल्या.

पुढच्या शिकवणीला केतकी आली. तुम्हाला वाटलं असेल, रुसली असेल, यायची थांबली असेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती आली, बसली, ती छोटी गत काढली. डावा हात नेहमीच्या जागी अडखळला. पोर पुढे गेली. पुन्हा चुकली, पुन्हा पुढे. तोंडातून अक्षर नाही.

"केतकी."

"काय, सर?"

"तिथं चुकलं ना?"

"हो का?"

"म्हणायचं असतं ना, बाळ."

केतकीनं पट्ट्यांवरची नजर काढली नाही. "कोण ऐकायलंय सर एवढं बारीक?"

हे कुणाचं वाक्य, ते सरांना ओळखता आलं. आता बघा, खोलीत तिघंच — एक म्हातारा, एक पोर, एक पियानो. ना स्टेज, ना माइक, ना कुणाच्या मुलीचा मान. "परवा मीच चुकलो, बाळ" एवढं म्हणायचं होतं. म्हणाले का? नाही. आता तोंड उघडलं तर परवाचंही उघडावं लागलं असतं. सरांनी पान उलटलं आणि म्हणाले, "चला, पुढची ओळ."

त्यानंतर शिकवणीला मुलं वाढली. चैतन्यनगरातून आईबाप रांगेनं आले. "सर, ते केतकीनं वाजवलं ना, धबधब्यासारखं, ते शिकवा." आई शेजारी खुर्ची टाकून बसायची. पोरानं "चुकलं" म्हटलं की तिचं तोंड उतरायचं. एकीनं सांगितलंच, "सर, असं सारखं चुकलं-चुकलं म्हणायला लावू नका. मुलांचा कॉन्फिडन्स जातो." सर बरं म्हणाले. हळूहळू नियम गेला. शेजारच्या बाई मार्थाबाईंना म्हणाल्या, "आता कसं छान वाजतं तुमच्याकडं. कुणी मध्ये ओरडत नाही."

वर्ष गेलं. पुन्हा वर्धापनदिन. या वेळी सरांना बोलावून घ्यावं लागलं नाही, पहिल्या रांगेत त्यांच्या नावाची खुर्ची होती. केतकी आली. केस घट्ट पिनांनी बसवलेले. वडील वर गेले नाहीत, गरजच नव्हती. तिनंच हात घातला, बटण दाबलं आणि बोटं अशी फिरवली की बारकाईनं बघणाराही फसावा. डावा हात बरोबर खर्जावर. कुठं मान झुकवायची, कुठं हात उचलायचा, सगळं पाठ. एक चूक नाही.

आणि मध्येच तिनं सरांकडे बघितलं आणि ओळखीचं हसली. दोन भागीदार एकमेकांना दुकानात बघून हसतात, तसं.

सरांनी मान खाली घातली. पण पोरीचं हसू थांबलं नाही, आणि टाळ्यांची वेळ झाली तेव्हा सरांचे हातही वर आले.

आता तो प्रश्न. वाटा किती? दिलीपरावांनी बटण दाबलं, त्यानं एक कार्यक्रम खोटा झाला. दुसऱ्या दिवशी लोक विसरले असते. हिवाळे सरांनी काहीच केलं नाही, आणि त्यानं एक मुलगी गेली. मुलगी जिवंत आहे, मोठी झाली असेल, बक्षिसं घेत असेल. पण सूर परत घेता येत नाही तशी ती आता परत आणता येत नाही.

आणि तुम्ही? तुम्ही काय, चैतन्यनगरात राहत नाही. बरोबर. मग परवा शाळेच्या प्रदर्शनात थर्माकोलचा ज्वालामुखी मांडला होता, तो कुणी केला? — पुढच्या रांगेतले दोघं पायाकडे बघायला लागले. राहू द्या, नाव घेत नाही. बाबांनी कापला, आईनं रंगवला, धूर दुकानातून आणला. बाईंनी पाहिलं, बाईंना कळलं, बाईंनी पहिला नंबर दिला. आपण फोटो काढला. आणि पोर त्या ज्वालामुखीशेजारी उभं होतं, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत. आपल्याला वाटलं, आनंदात आहे. ते वाट बघत होतं, मंडळी. कुणीतरी एक मोठा माणूस काहीतरी बोलेल म्हणून. त्याला फार वेळ वाट बघायची सवय नसते. एकदा बघतं, दोनदा बघतं. तिसऱ्यांदा ते आपल्यातलं होतं.

आज घरी गेल्यावर ते झोपलेलं असेल, उठवू नका. उद्या शेजारी बसा आणि आपण काय केलं, ते त्याला आपल्या तोंडानं सांगा. कठीण आहे. हिवाळे सरांना जमलं नाही, आणि ते माझ्यातुमच्याहून बरे होते.

काका, सूर द्या. आता देवाचं नाव घेऊ. बेसूर लागलं तरी चालेल, पण ज्याचा त्यानं स्वतःचा आवाज काढा.