पितळी स्क्रू

नंदकिशोर : तुही व्हॅन आज नाही देता येत, पुनाराम. एक स्क्रू हरपला. कार्बोरेटर बसवताना कळलं.

पुनाराम : एका स्क्रूसाठी? अरे मिस्त्री, दुसरा लाव ना. डब्बाभर पडले आहेत तुह्याकडं.

नंदकिशोर : दुसरा लावता येते. पण पह्यला गेला कुठं, ते पाह्यजे.

मयुरी : काका, किती शोधला आम्ही. सीटखाली पाह्यलं, झाडू मारला, धूळ चाळणीतून काढली. बाबाचे खिसे पण उलटे केले.

पुनाराम : मॅग्नेट फिरव.

नंदकिशोर : पितळेचा आहे. मॅग्नेट पितळ धरत नाही.

पुनाराम : मंग सोड त्याले. उद्या सकाळी तुह्या सीतावहिनीले गोंदियाले न्यायचं आहे, डायलिसिसले. गाडी स्टार्ट कर अन् चाबी दे.

नंदकिशोर : कार्बोरेटर काढला का खाली इंजिनचं तोंड उघडं राह्यते. स्क्रू त्याच्यात गेला असन अन् मी चाबी मारली, तं इंजिन फोडून टाकन तो.

पुनाराम : गेला असन म्हणतं. गेला का?

नंदकिशोर : माहीत नाही.

पुनाराम : पडताना पाह्यलं नाही?

नंदकिशोर : नाही. आवाजबी नाही आला.

पुनाराम : यार, वीस वर्षांपासून तुह्याकडंच येऊन राह्यलो. तुह्या हातून नट बहोत पडले, शिव्या देत देत शोधले तू. पण आत कधी गेला नाही. त्या तोंडात तू आधी कापड कोंबत होता. मले जवळ फिरकू देत नव्हता.

नंदकिशोर : हौ.

पुनाराम : मंग आज काहून नाही कोंबलं?

नंदकिशोर : कापड नव्हतं.

पुनाराम : गॅरेजात कापड नव्हतं! उद्या म्हणशीन, ग्रीस नव्हतं.

मयुरी : काका, ते आईच्या जुन्या साडीचं राह्यत होतं. आईच फाडून, धुऊन द्यायची. नरम राह्यते ना, धागा सुटत नाही. आता पेटीत पाच साड्या आहेत, पण बाबा फाडू देत नाही. मी माझी ओढणी दिलती, तर बोलले, रहने दे, लगेच बसवतो.

पुनाराम : मले सांगाचं ना, मिस्त्री.

नंदकिशोर : काय सांगू? हिची माय, जिजाबाई, गेल्यावर तुहीच पह्यली गाडी हाती घेतली. वाटलं, दहा मिनिटाचं काम आहे, हात चालन.

पुनाराम : मले गुस्सा नाही आला. पण सीता बसमध्ये बसू शकत नाही आता. मागच्या गुरुवारी गाडी बंद होती, तं बसमध्ये एवढ्या उलट्या झाल्या का अर्ध्या रस्त्यात उतरलो आम्ही.

नंदकिशोर : राजूची जीप?

पुनाराम : बरात घेऊन लांजीले गेला. परवा येईन.

नंदकिशोर : माही मोटरसायकल ने.

पुनाराम : तिच्यानं धड उभं राह्यवत नाही, मोटरसायकलवर कशी बसन? असं कर, एक बार चालू करून पाहू. गेलं इंजिन तं गेलं. तुले एक शब्द बोलणार नाही.

नंदकिशोर : अन् चालू झाली, रस्त्यात बंद पडली तं? तिले घेऊन? नाही. चाबी नाही देत मी.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, फोनवर)

पुनाराम : पोहोचलो. बसनंच. मशीनवर लावलं तिले.

नंदकिशोर : उलटी झाली?

पुनाराम : दोनदा. एका बाईनं खिडकीची जागा दिली, बिचारीनं. तू सांग, सापडला?

नंदकिशोर : कार्बोरेटरखालची नळी, मॅनिफोल्ड, काढली. त्याच्यात नाही.

पुनाराम : मंग आता?

नंदकिशोर : आता इंजिनचं हेड, वरचं झाकणच, खोला लागन. सकाळपासून पाना घेऊन बसलो आहो.

पुनाराम : तं खोल ना.

नंदकिशोर : त्याच्यातबी नसला, तं मंग कुठं पाहू?

पुनाराम : ते मले काय माहीत. सोमवारी परत याचं आहे आम्हाले.

नंदकिशोर : हौ.

पुनाराम : ऐकून राह्यला ना, मिस्त्री?

नंदकिशोर : ऐकून राह्यलो. हेड खोलाचं राह्यलं आहे.